सेमीफायनलला दुसरी फळी

अण्णा, आपला इंग्लंडमधला फुटबॉल क्लब युरोपातला कप जिंकला आणि मी अजून चिडलेली आहे. तुम्ही असता तर मस्कतजवळच्या सीबमधल्या आपल्या बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर पेढे वाटून आला असता, खालच्या बंगाली टेलरला आणि समोरच्या ओमानी आजोबांनाही सोडलं नसतं. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या कपाच्या खालचा, दुसऱ्या नंबरचा कप आहे हा. पण तुमच्या हयातीत आपल्या क्लबनं तेवढंही काही आणलं नव्हतं. म्हणून आधीच सांगून टाकते, माझा राग कपावर नाही. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्यांनी जे केलं त्यावर आहे, आणि नंतर त्याचं कोणालाच काही वाटेनासं झालं, यावर जास्त आहे. ऑफिसात मी शांत असते. इतकी वर्षं पेपरचं पान वेळेत छपाईला सोडलं की माणूस आवाज चढवायचं विसरतो. घरी आल्यावर मात्र मी एकटीच भांडी आपटत बोलत असते, आणि बोलते ते तुमच्याशीच.

हा क्लब तुम्ही निवडलात तो जर्सी बघून. कोल्हापुरात तुम्ही पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून लेफ्ट विंगला खेळायचात, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. मस्कतला एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आलात, कँटीनच्या टीव्हीवर त्याच पट्ट्यांत धावणारे गोरे दिसले आणि तुमचं ठरलं. बाकीचे मोठमोठ्या क्लबांची नावं घ्यायचे, दर दोन वर्षांनी क्लब बदलायचे. तुम्ही म्हणायचात, "पेठ बदलता येती व्हय रे?" तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची, शनिवार कामाचा. संध्याकाळी सामना लागायच्या आत तुम्ही घरी पोचायचात आणि डांगरी न बदलताच स्वयंपाकघरात शिरायचात, कारण आई शाळेत शिकवून दमलेली असायची आणि शनिवारचं जेवण तुमच्याकडे होतं. हॉलमधला टीव्ही तुम्ही टीपॉयसकट फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ठेवलेला. पाहुण्यांना त्याची फक्त पाठ दिसायची. कांदा परतता परतता तुम्ही रेफरीचा असा उद्धार करताय की आई आतून ओरडतेय, "अहो, पोरगी ऐकतीय!" आणि तुम्ही म्हणताय, "ऐकू दे की, शिकंल." रश्श्याचा मसाला किती वेळा करपला असेल त्या क्लबपायी.

आणि तुमचं ते रागावणं. मी अकरावीत, शाळेच्या थ्रोबॉलच्या संघात. शनिवारी आंतरशालेय फायनल होती आणि त्याआधी गुरुवारी एका लहानशा शाळेशी सामना, ज्याच्या निकालानं काहीच बदलणार नव्हतं. आम्ही मुलींनी आपापसांत ठरवलं की अंग राखून खेळायचं. तुम्हाला सुट्टी, म्हणून तुम्ही बघायला आलेला. आम्ही हरलो आणि हसत बाहेर आलो. घरी ओट्यापाशी उभं राहून पाणी प्यायलात, ग्लास विसळून पालथा घातलात आणि मग म्हणालात, "त्या पोरी पार तिकडं लांब सोहारवरनं बसनं आल्या हुत्या. उन्हात. त्यांच्यासमोर तू उभी राहिलीस का?"

"अण्णा, शनिवारी फायनल आहे ना."

"शनिवारचं शनिवारी. ह्या पोरी आज आलत्या."

फायनल आम्ही जिंकलो. तुम्ही ती बघायला आला नाहीत. मी ट्रॉफीबरोबरचा फोटो दाखवला तर "छान" म्हणून तुम्ही परत एसीचा कॉम्प्रेसर उघडून बसलात. त्या वेळी मला तुमचा फार राग आला होता. पुढे मला इथल्या इंग्रजी पेपरात क्रीडा विभागात नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेन किंवा घड्याळ नाही, घडीची खुर्ची दिलीत, मैदानावर न्यायला. उभं राहून पाय दुखले की बातमीदार शेवटची वीस मिनिटं बघत नाही, हे तुमचं निरीक्षण. कंपन्यांच्या लीगचे धुळीतले सामने मी त्या खुर्चीवर बसून पूर्ण पाहिले. बघितलं तेवढंच लिहायचं, हे मला कुठल्या संपादकानं नव्हे, तुम्हीच शिकवलंत.

आता त्या शनिवारचं सांगते. तुमच्या संघात मागे लेफ्ट बॅकला एक कोवळं पोरगं यायचं, ज्याला तुम्हीच नंतर ओमानला आणलंत, ते काका आठवतात ना? ते आता साठीला आलेत. दुक्मला एका प्रोजेक्टवर फोरमन आहेत. तिथे समुद्र आहे, रिफायनरी आहे आणि कंत्राटावर आलेले पुरुष आहेत, बाकी काही नाही. त्यांचं हे शेवटचं कंत्राट. तुमच्यामुळे तेही ह्याच क्लबचे. त्यांची मुलगी इंग्लंडला नर्स आहे. क्लब इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या कपाच्या सेमीफायनलला पोचला, तिनं कशीबशी दोन तिकिटं मिळवली आणि वडलांना कळवलं. काकांनी गावच्या जत्रेसाठी राखून ठेवलेली सुट्टी त्यात घातली. विमान मस्कतहून, म्हणून आदल्या रात्री ते माझ्याकडे उतरले. बॅग उघडून आतली हिरवी-पांढरी जर्सी दाखवली, इस्त्री करून घडी घातलेली.

"काका, थंडी असते तिकडे, स्वेटर कुठंय?"

"स्वेटर घातला तर जर्सी कुणाला दिसायची, खुळे?" मग बॅगेची चेन ओढत म्हणाले, "तुझ्या बापाच्या वाटणीचं बी बघून येतो."

हंगाम कसा चालला होता तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. लीगमध्ये आपण खाली खाली घसरत होतो. खालच्या लीगमध्ये फेकले जाण्याइतके नाही, पण तेराव्या-चौदाव्या नंबरावर. दुसरा जो देशी कप आहे त्यातून सुरुवातीलाच हरून बाहेर. युरोपात मात्र गाडी सुसाट. दर गुरुवारी कुठल्यातरी लांबच्या गावी जाऊन जिंकायचं आणि रविवारी घरच्या मैदानावर पाय ओढत हरायचं. आणि नेमकी युरोपची सेमीफायनल ह्या देशी सेमीफायनलनंतरच्या गुरुवारी आली.

शनिवारी संध्याकाळी मी मस्कतच्या कुरुम भागातल्या ऑफिसात होते. सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघ जाहीर होतात. यादी स्क्रीनवर आली आणि मला वाटलं चुकीचा संघ लावलाय. अकरापैकी चौघांची नावं वर्षभर ह्याच क्लबच्या बातम्या लावणारी मी पहिल्यांदा वाचत होते. गोलकीपर कधी खेळलेलाच नाही. कॅप्टन राखीव खेळाडूंतही नाही. सगळी पहिली फळी गुरुवारसाठी घरी ठेवलेली. आमचा डेस्कचा मुख्य, केरळचा, सज्जन माणूस, माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "सही किया मॅडम. थर्सडे बडा मॅच है." त्याच वेळी फोनवर काकांचा फोटो आला. हिरवंगार गवत, अजून रिकामं, आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा. खाली लिहिलेलं, "पोरी, कुणी आलं न्हाई अजून मैदानात. पण बसलोय." मी नमस्काराचं चिन्ह पाठवलं.

चार-शून्य. हरण्याचं मला काही नाही, आपण हरण्यातच मोठे झालो. पण ती पोरं खेळली कशी, तर लवकर संपावं म्हणून. आणि संपल्यावर आपल्या प्रेक्षकांच्या बाजूला येऊन दोन टाळ्याही न वाजवता सगळे सरळ आत निघून गेले. हे मी टीव्हीवर पाहिलं. काकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या मागे स्टेशनचा गोंगाट होता.

"रिझर्व्ह टीम बघायला मी दुक्महून आलो व्हय गं?"

"काका..."

"एकानं तरी वर बघावं की. एकानं. आमी बसलोतो तिथं." मग मुलीनं फोन घेतला आणि म्हणाली, ताई, नंतर बोलू, पप्पांना जरा थंडी वाजतेय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर पत्रकारांना म्हणाला की प्राधान्य ठरवावं लागतं. अण्णा, हे वाक्य मी काटछाट करून, आटोपशीर मथळा देऊन, स्वतःच्या हातानं छापलं. कोणाचं प्राधान्य? स्टेडियमभर माणसं बोलावलीत, वर्षाची सुट्टी मोडून, समुद्र ओलांडून आलेली, तर त्यांच्यासमोर उभं तरी राहा. सामना नको होता तर आधीच्या फेरीत हरायचं होतं, तिकिटं विकायच्या आधी. आणि संताप ह्याचा की डाव साधला. गुरुवारी ताजेतवाने कॅप्टन आणि मंडळी जिंकली, पुढे फायनलही पेनल्टीवर जिंकली, उघड्या बसमधून मिरवणूक निघाली आणि सेमीफायनल कोणाच्या लक्षातही राहिली नाही. हरले असते तर सगळ्यांनी त्या शनिवारबद्दल जाब विचारला असता. जिंकल्यामुळे ते शहाणपण ठरलं.

मग हंगामाचा आढावा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिला, वेळेच्या आधी दिला. कप पहिल्या परिच्छेदात घातला, कारण बातमी तीच. दुसऱ्यात शनिवार घातला: कोण खेळलं, कोण घरी बसलं, आणि कोणी वर बघितलं नाही. मुख्यानं बोलावलं.

"मॅडम, शादी के घर में आप पुरानी बात निकाल रही हैं."

"पुरानी नहीं, पिछले महीने की है."

"रीडर को कप चाहिए. दूसरा पॅरा खलास करते हैं, बाकी बहुत अच्छा है."

"तो मेरा नाम भी खलास कर दीजिए."

इतक्या वर्षांत मी त्याच्याशी असं बोलले नव्हते. तो म्हणाला, "इतनी सी बात पे?" मी म्हटलं, हो, इतनी सी बात पे. आवाज तेव्हाही चढवला नाही. आढावा दुसऱ्या दिवशी "क्रीडा विभागाकडून" असा छापून आला. सोनेरी हंगाम, असा मथळा. मी घरी येऊन तुमच्यापुढे तासभर बडबडले. मला वाटत होतं, निदान काकांची बाजू एका माणसानं तरी सोडली नाही.

शुक्रवारी दुपारी काकांचा फोन आला. दुक्मच्या कॅम्पात जेवणं झाली होती आणि त्यांच्या मेसमध्ये पोरांनी कपासाठी केक कापला होता. मागे दंगा चाललेला, मराठी, हिंदी, मल्याळी सगळं एकत्र. काकांचा आवाज लग्नातल्यासारखा.

"अगं, जिंकलो की!"

"जिंकलो काका." मग मला राहवलं नाही. "पण सेमीफायनलला त्यांनी तुम्हाला..."

"थांब, थांब, स्पीकरवर घालतोय." आणि मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमच्या दोस्ताची पोरगी, पेपरात असती. हिला इचारा आता. हिला मी त्याच दिवशी सांगितलंतं. कॅप्टन खेळला न्हाई, बरोबर आहे, पाय दुखावल्याला. पण म्याच संपल्यावर सूट घालून आमच्यापाशी वर आला का न्हाई? हातात हात दिला, इचारलं कुठनं आलाय, मी म्हटलं ओमान. तर म्हणाला, एवढ्या लांबनं! व्हय का न्हाई गं?"

कॅप्टन त्या दिवशी स्टेडियममध्येच नव्हता, अण्णा. लांब, क्लबच्या गावी सराव करत होता. त्या सरावाचा फोटो मीच पानावर लावला होता. मला तेव्हा कळलं की हे गेले कित्येक दिवस चाललंय, मेसमध्ये, साईटवर, पाण्याच्या टाकीपाशी, आणि दर वेळी गोष्ट थोडी वाढली असणार. त्या लोकांनी जेवढं करायला हवं होतं आणि केलं नाही, तेवढं ह्या माणसानं स्वतःच्या पदरचं घालून भरून काढलंय. एक हात मिळवणं. एक प्रश्न, कुठून आलात. करोडोंचा क्लब आणि त्यांच्या अब्रूवर पांघरूण घालायला दुक्मचा फोरमन. मी प्रचंड चिडले. आढाव्यातून उडवलेला तो परिच्छेद मला शब्द न् शब्द पाठ होता.

मागून एक पोरगा हिंदीत ओरडला, "दीदी, सच बोलना, चाचा फेंक रहा है ना?" सगळे हसले. काका हसले नाहीत. वाट बघत होते.

मी म्हटलं, "हो काका. त्याच दिवशी सांगितलंत तुम्ही."

"बघा!" काका ओरडले.

हे पत्र पाठवायची सोय नाही, हे एका अर्थी बरंच आहे, कारण पुढचं मी इतर कोणाला सांगणार नाही. तो पोरगा काही केल्या ऐकेना. म्हणाला, अच्छा, सूट कौनसे कलर का था? आणि अण्णा, काका काही बोलायच्या आत निळा म्हणून मीच सांगितलं.