मंगळावरचा मिस्तरी

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तुमच्याबद्दल पुष्कळ ठिकाणी बोलले. शाळांच्या कार्यक्रमांत कुणी विचारलं, की तुम्हाला विज्ञानकथा सुचतात कशा, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: बीबी गावात माझ्या वडिलांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान होतं, मी तिथं वाढले. लोकांना ते आवडतं. माना डोलावतात. तुमच्याशी मात्र जे बोलायला हवं होतं ते कधी बोलले नाही. मागच्या महिन्यात एका प्रकाशकाचं पत्र आलं, मी लिहिलेल्या मिस्तरीच्या सगळ्या चित्रकथांचं एक जाड पुस्तक काढायचं म्हणून, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

दुकानातला तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. बाजाराचा दिवस आहे. भाजी पिकवणाऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी दारात ओळीनं पडल्या आहेत. तुम्ही खाली मांडी घालून एका मोटारीतली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढताय, आणि वार्निशच्या वासात मी खोक्यावर बसून माझी पहिली गोष्ट तुम्हाला वाचून दाखवतेय. मी सातवीत होते. गोष्टीतलं यान मंगळावर जाऊन येतं आणि सरोवरात उतरतं; आमच्या तालुक्यातलं लिहिणारं प्रत्येक पोर यान लोणारच्या सरोवरातच उतरवतं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि विचारलंत, "हे यान चालते कशावर?"

"बटन दाबलं का चालते."

"बटन दाबलं का काहीच चालत नाही, बाई. मांगून लाईन या लागते. आन् हे बिघडत काऊन नाही?"

"यान हाय ते, बाबा. ते कशाले बिघडन?"

तुम्ही हातातली पक्कड खाली ठेवलीत. "बिघडत नाही अशी मशीन म्या अजून पाह्यली नाही. तिकडे मंगळावर बिघडली तं कोन दुरुस्त करन? एक मिस्तरी सोबत ने."

पुढं मी जे काही लिहिलं ते या एका वाक्यावर उभं आहे. माझी यानं बिघडतात, म्हणून ती खरी वाटतात, असं समीक्षकांनी लिहिलं. ते माझं निरीक्षण म्हणून लिहिलं आणि मीही ते दुरुस्त केलं नाही.

पुण्याला शिकायला आले तेव्हा पहिलं वर्ष मी वर्गात जवळजवळ बोललेच नाही. एकदा 'मले' म्हणाले आणि मागच्या बाकावर हसू फुटलं, तेवढं पुरे झालं. दोन वर्षांत माझी भाषा अशी घासूनपुसून निघाली, की मी बुलढाणा जिल्ह्यातली आहे हे सांगितलं तर लोक म्हणायचे, वाटत नाही हो. मला ते कौतुक वाटायचं. मग मुलांच्या एका मासिकात चित्रकथा लिहायला लागले. पहिल्या तीन कथांमध्ये एक शास्त्रज्ञ होता, शुद्ध बोलणारा, यान स्वतःच दुरुस्त करणारा. संपादकांनी त्या छापल्या, पण चौथीच्या वेळी म्हणाले, "सगळं आहे, हसू नाही. एखादं गमतीदार पात्र घाला की. गावाकडचं." मी त्याच दुपारी मिस्तरी लिहून दिला. मला वेळ लागलाच नाही. तुमचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, कानावर पेन्सिल, मोटारीला कान लावून ऐकायची सवय, आणि तुमची बोली. फक्त तुमच्या हातातलं कसब तेवढं काढून घेतलं. माझा मिस्तरी यानावर हातोडा मारायचा, अंतराळवीराचा पोशाख उलटा घालायचा, "काऊन बे, हे धूर काऊन सोडून राह्यलं?" असं इंजिनालाच विचारायचा, आणि शेवटी चुकून काहीतरी दाबलं जाऊन यान सुरू व्हायचं. संपादक मोठ्यानं वाचत गेले आणि डोळे पुसत हसले. मीही हसले.

अंक तुम्ही दुकानात भिंतीला लावलेत. गिऱ्हाईकांना दाखवायचात, "माह्या पोरीनं लिवलं." एकदा फोनवर मला विचारलंत, "हा मीच हाय का वं?"

"नाही बाबा. कल्पनेतला आहे."

"मंग बरं. लय चुका करते तो. आता याच खेपेचं पाय. तीन फेजातल्या दोन वायरी आदलाबदल झाल्या तं मोटार उलटी फिरते, फुटत नाही. तुहा मिस्तरी उडाला कसा मंग?"

मी म्हटलं, मुलांना गंमत वाटते बाबा, ते एवढं बघत नाहीत. तुम्ही म्हणालात, "पोरंच तं बघतात." मी विषय बदलला.

मग तो सत्कार. मासिकाच्या वर्धापनदिनी, रविवारी सकाळी, मला पुरस्कार होता आणि मी हट्टानं तुम्हाला पुण्याला बोलावलं. तुम्ही नवा पांढरा सदरा शिवून आलात. आईचे गुडघे दुखत होते, ती आली नाही. एका नटानं मिस्तरीचे संवाद वाचले. त्यानं तुमची बोली कधी ऐकली नव्हती, पण हेल काढून काढून वाचली, आणि सभागृह हसून लोटपोट झालं. पहिल्या रांगेत तुम्हीही हसत होतात. मग संपादकांनी जाहीर केलं, की लेखिकेचे वडील स्वतः मिस्तरी आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत, मिस्तरीच्याच भाषेत! टाळ्या पडल्या. तुम्ही वर आलात, ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरलात आणि म्हणालात, "मला भाषण करता येत नाही. माझी मुलगी चांगले लिहिते. मी आपला आभारी आहे." शाळेच्या पुस्तकातून वाचावं तसं, एकेक शब्द जपून. सभागृहाचा हिरमोड झाला. बाबा, माझासुद्धा झाला. मला वाटलं, एवढी छान संधी होती, घालवली यांनी.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी आपल्या बोलीत बोलला नाहीत. हे मला कळायलाच किती महिने लागले! फोनवर म्हणायचात, "मी बरा आहे. तू कशी आहेस? पाऊस ठीक आहे." मध्येच तोंड बाजूला करून आईला म्हणायचात, "अवं, दूध उतू जाऊन राह्यलं, पाय," आणि परत माझ्याकडे वळून, "हं, बोल." मी मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं, बाबा आता किती छान बोलतात. अंक भिंतीवरून उतरले होते तेही मला दिवाळीला घरी गेल्यावर दिसलं. भिंतीला रंग द्यायचा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बुलढाण्याच्या दवाखान्यात शेवटचे चार दिवस मी होते. खोलीच्या दाराशी आले तेव्हा तुम्ही नर्सला पंख्याबद्दल सांगत होतात, "त्याचा आवाज आयक, बाई. बेअरिंग गेली त्याची. कोनाले तरी सांगजो." ती हसून हो म्हणाली. तुमचा चेहरा किती मोकळा होता. मग मी दिसले. तुम्ही चादर सारखी केलीत आणि विचारलंत, "तू जेवलीस का?"

मी म्हणाले, "हो, जेवले."

"हो, जेवली," एवढं आपल्या बोलीत म्हणायला काय झालं होतं? एका अक्षराचा फरक. तेवढ्यानं कदाचित तुम्हीही त्या बोलीत परत आला असतात. पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

तेराव्यानंतर आईनं सांगितलं. भांडी आवरता आवरता, अगदी सहज. "तुहा फोन याच्या आंधी ते दोनदोनदा म्हनून पाहेत. मी बरा आहे, मी बरा आहे. म्या म्हनलं, पोरगी हाय तुमची, काय मास्तरीन हाय का? तं म्हने, लोकाईत तिले लाज नको वाटाले." मी ताट पुसत राहिले. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

पुस्तकाला मी होकार दिला आहे. आधी प्रकाशकांना म्हटलं, मिस्तरीला थोडा बदलते, हुशार करते. ते म्हणाले, "अहो, मग त्यात उरतं काय?" त्यांचं बरोबर होतं. काहीच उरत नाही, म्हणून तर ते सगळं तसंच छापलं जाणार. शेवटी एक नवी कथा घालायची परवानगी तेवढी मिळवली. तीत तो मंगळावर मांडी घालून बसतो, जळालेली तार काढतो, नवी भरतो, इंजिनाला कान लावतो. यान सुरू होतं, त्याच्यामुळे. बारा पानांच्या त्या कथेत तो एकदाही बोलत नाही. चित्रकारानं विचारलं, संवाद कुठं आहेत? मी म्हटलं, कामात आहे तो. खरं म्हणजे मला त्याच्या तोंडी एकही वाक्य घालायचं धाडस झालं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. सकाळी मी ते आपल्या बोलीत लिहायला घेतलं होतं. "बाबा, तुमाले काय सांगू" अशी सुरुवात केली. चार ओळी झाल्यावर वाचून पाहिल्या, तर त्या पत्रातल्या वाटेनात, चित्रकथेतल्या वाटल्या. तिसऱ्या ओळीला मला हसू आलं. मग तो कागद मी फाडला आणि हे असं लिहिलं.