भावाची हरकत

गोडादरा, सुरत

प्रिय भाऊ,

तू अमळनेरला सुखरूप पोचलास हे वहिनीकडून तेव्हाच कळलं. त्या दिवशी माझ्याकडे न जेवताच तू स्टेशन गाठलंस आणि मीही तुला थांबवलं नाही.

आधी बातमी सांगते. ठराव मंजूर झाला. पालिकेच्या कंत्राटी कामांच्या अर्जात 'तुरुंगवास झाला आहे का' हा रकाना आता नसेल. आधी माणसाचं काम बघायचं. निवड झाली की मग गुन्हा कोणता, त्याला किती वर्षं झाली, हे तपासायचं. तीन मतं जास्त पडली, त्यातलं एक माझं. पक्षातले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खरं तर मी तुला बोलावलं होतं ते हा ठराव पाडायला. समिती लोकांच्या हरकती ऐकणार होती, आणि ज्याचा डोळा गेला त्याच्याहून मोठी हरकत कोणाची असणार? बारा वर्षांपूर्वी लूमच्या कारखान्यात पाळीवरून भांडण झालं आणि तुझ्याच सोबतच्या चिंधाने तुला लोखंडी पाइप मारला. अकरा दिवस मी तुझ्या उशाशी होते. उजवा डोळा वाचणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी तुला. चिंधाला शिक्षा झाली त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले होते.

समितीपुढे तू गुजरातीत सुरुवात केलीस, दोन वाक्यांत अडखळलास आणि सरळ मराठीवर आलास. सुटल्यावर चिंधा सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या किती कारखान्यांच्या गेटवरून परत आला, ते तू सांगितलंस. तो माफी मागायला अमळनेरला आला होता आणि वहिनीने त्याला जेवायला वाढलं, हे तर मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. मग तू म्हणालास, "डोळा माझा गेला. कोर्टाने त्याला सहा वर्षं दिली, ती त्याने भोगली. त्यापुढची शिक्षा मी मागितलेली नाही. माझ्या नावावर दुसऱ्या कोणी मागूही नये." अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मला तुझा राग आला होता, भाऊ. चार दिवस तो गेला नाही. पण सभेत मत द्यायची वेळ आली तेव्हा तुझा आवाज कानात होता आणि माझा हात आपोआप वर गेला. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही त्या गजेंद्रभाऊंच्या बहीण ना? नगरसेविका झाले त्या दिवशीही माझी मान एवढी ताठ नव्हती.

चिंधा पालिकेच्या खाडीजवळच्या पंपिंग स्टेशनवर या सोमवारी कंत्राटी कामाला लागला. मोटर खोलून जोडायच्या परीक्षेत तो पहिला आला. मी शब्द टाकलेला नाही, त्याची गरजच पडली नाही.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. निवडणुकीत मी तुझा डोळा वापरला. तुला न विचारता. माझ्या भावाचा डोळा फोडणारे असले लोक मोकाट फिरतात, असं मी इथल्या प्रत्येक चौकात सांगायचे. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्यावर मी निवडून आले. 'माझ्या नावावर' म्हणताना तू माझ्याकडे बघितलंस. तुला कोणी सांगितलं होतं की सहज बघितलंस, ठाऊक नाही. मी मान खाली घातली. परवा वॉर्डाच्या बैठकीत हे सगळं मी उभं राहून कबूल केलं. ज्यांच्यापुढे तुझं नाव विकलं, त्यांच्यापुढेच आधी बोलणं भाग होतं. काही बायका उठून गेल्या. पहिल्या रांगेतल्या धुरपदाबाई मात्र बसून राहिल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आम्हाला सांगितलंस, चांगलं केलंस. आता भावाला लिही."

तुझीच धाकटी,
जयश्री