अकरा गाठींचा दुपट्टा

बाबा, शेताच्या धुऱ्यावरचे तुमचे साग मी विकले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातल्या वादळात दोन झाडं शेजाऱ्याच्या वावरात आडवी झाली. तो त्यांना वळसा घालून नांगर हाकत राहिला. मग तोडीच्या परवानगीचा अर्ज केला. सातबारा, मोजणी, पंचनामा, झाडांवर नंबर, यात जवळजवळ वर्ष गेलं. तुम्ही ती रोपं राजुऱ्याहून सायकलवर आणली होतीत आणि आई म्हणाली होती की ही झाडं विकायला आपण कुणीच राहणार नाही. मी राहिलो. घेणारा व्यापारी आला तेव्हा त्यानं प्रत्येक बुंध्यावर हातोडी मारली, आणि प्रत्येक ठोक्याला मी नकळत मान वाकडी करून ऐकत होतो. ते पाहून तो हसला. "तुमच्या घरी कोणी लाकडातलं होतं काय?" मी म्हटलं, वडील होते.

आलेला पैसा बँकेत पडला. पेपरच्या नोकरीत पेन्शन नावाचं काही नसतं, हे तुम्ही मला नोकरी लागली त्याच दिवशी सांगितलं होतं. पस्तीस वर्षं जिल्ह्याचं पान लावलं, रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला पान छापायला सोडलं, आणि निवृत्त झालो तेव्हा हातात आलं ते घराचं छप्पर बदलण्यात गेलं. म्हणजे आता माझ्या आणि हिच्या म्हातारपणाला आधार काय, तर तुमचे साग. तेवढंच आहे. ते गेलं तर दुसरं काही उगवायला वेळ नाही.

तुमचा नातू हैदराबादला असतो. एआय नावाची जी काही विद्या आता निघाली आहे, तिला लागणारी मोठमोठी यंत्रं जिथं ठेवतात तिथं वीज आणि गारवा पुरवायचं काम त्याची कंपनी करते. त्या यंत्रांच्या चिप बनवणाऱ्या, यंत्रं जोडणाऱ्या कंपन्यांचे शेअर दोन वर्षांत असे चढले की चहाच्या टपरीवरही त्यांची नावं ऐकू येतात. दिवाळीत तो घरी आला तेव्हा म्हणाला, "बाबा, बँकेत ठेवून काय भेटते? मी आतून पाहून राह्यलो. आमाले एक मशीन पाहिजे असलं तर महिनोन्‌महिने वाट पाहा लागते. मागणी खोटी नाई." तो खोटं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, लहानपणी तुमची तंबाखूची डबी त्यानं लपवली तर तासाभरात स्वतःच आणून दिली होती. त्याचं म्हणणं, निम्मे तरी त्यात घालू. मग जाताना म्हणाला, सगळेच घातले तरी हरकत नाही.

मी हसून सोडून दिलं. पण टपरीवर घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झालेला एक इलेक्ट्रिशियन रोज येतो, तो मोबाइल पुढं करून हिरवे आकडे दाखवतो. त्यानं वर्षापूर्वी थोडे घातले होते. आता तो चहाचे पैसे सगळ्यांचे देतो, आणि देताना माझ्याकडे पाहतो. "संपादक, तुमी अजून विचारच करून राह्यले काय?" मी कधीच संपादक नव्हतो. तरी त्या हाकेनं मला टोचलं. घरी येऊन मी भाव पाहू लागलो. आधी दिवसातून एकदा, मग जेवताना. दर वेळी तो थोडा वर गेलेला असे, आणि दर वेळी वाटे की काल घेतलं असतं तर. ही एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, पैसा सागाचा आणि जीव मशीनमध्ये, हे काही बरं नाही. मी तिला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "तुमाले कळते काय?" मी वरण ओढून घेतलं.

डिसेंबरात मी मुलाला फोन करून सांगितलं, ठीक आहे, खातं उघड. त्यानं कागद मागितले. माझे सगळे जुने कागद तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

ती पेटी उघडायच्या आधीचं काही सांगायला हवं, म्हणजे तुम्हाला नाही, मला स्वतःला. तुम्ही लाकूड चिरणाऱ्या सॉमिलच्या शेठसाठी वनखात्याच्या डेपोतले साग पारखायला जायचात. लिलावाच्या दोन दिवस आधी ओंडक्यांच्या थप्प्यांमधून फिरायचात, लठ्ठ्याच्या एका तोंडाला कान लावायचात आणि चौकीदाराला दुसऱ्या तोंडावर हातोडी मारायला सांगायचात. टणक असेल तर आवाज धावत येतो, आतून पोकळ असेल तर बद्द वाजतो. मग घरी येऊन, जेवण झाल्यावर, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या एका टोकाला गाठी मारायचात. एक गाठ म्हणजे एक हजार. कागदावर लिहिलं तर दुसऱ्या व्यापाऱ्याची माणसं खांद्यावरून वाचतात, म्हणून ही रीत. लिलावाच्या दिवशी दुपट्टा खिशात, त्यावर तुमचा हात. बोली एकेक हजारानं चढायची, तुमचं बोट एकेक गाठ पुढं सरकायचं. शेवटची गाठ आली की तुम्ही लठ्ठ्यांकडे पाठ करून उभे राहायचात. पुकारणारा पुढं कितीही ओरडो.

मी एकदा विचारलं होतं, समोर एवढं चांगलं लाकूड दिसतंय, हजार-दोन हजारांनी काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "लाकूड चांगलं हाये हे मलेबी दिसते. पण किती चांगलं हाये ते मी परवा ठरवलं. आज ठरवाचं नाई. आज इथी माणसं पाहून भाव होते, लाकूड पाहून नाई." लाकडाचा लॉट मिळाला की गाठी तिथंच सोडायच्या, नाही मिळाला तर तशाच घरी आणायच्या, ही तुमची सवय. आई दारातूनच दुपट्टा पाहून समजायची. लहानपणी मला एका गोष्टीचं कोडं होतं: गाठी तशाच घेऊन आलेल्या दिवशी तुम्ही जास्त खूश असायचात. एक भाकर जास्त खायचात, अंगणात खाट टाकून शीळ घालायचात. रिकाम्या हातानं आलेला माणूस इतका हलका कसा, हे मला कळायचं नाही.

तुम्हाला मलेरिया झाला तो लिलाव माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला. मी रजेवर घरी होतो. तुम्ही लॉट पाहून आला होतात, आणि दुसऱ्या दिवशी तापानं उठता येईना. अंथरुणात बसून तुम्ही दुपट्ट्याला गाठी मारल्यात आणि माझ्या हातात दिलात. "अकरा. तीन लठ्ठे बद्द वाजते, म्हणून अकरा. नाईतर मी पंधरा मारल्या असत्या. अकराच्या पुढं गेलं का पाठ करजो." मी हो म्हटलं. एवढं सोपं काम, त्यात काय चुकायचं, असं मनात म्हणत एसटीत बसलो.

डेपोत तुमच्या जागी मला पाहून राजुऱ्याच्या दुसऱ्या सॉमिलचा माणूस आपल्या सोबत्यांना काहीतरी म्हणाला आणि ते हसले. बोली सहावर आली, आठवर आली. दहावर दोघंच उरलो, तो आणि मी. मी अकरा म्हटलं. त्यानं बारा म्हटलं आणि माझ्याकडे वळून, अगदी सावकाश, म्हणाला, "पेपरवाले, तुमी बातमीच लिहा. बोली लावाले बाप लागते." आजही ते वाक्य मला त्याच आवाजात ऐकू येतं. मी तेरा म्हटलं. त्यानं बोली सोडली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हरल्याचं नव्हतं. लॉट आपला झाला. लाकूड तेच होतं, तीन लठ्ठे अजूनही बद्दच होते.

घरी आलो तेव्हा तुम्ही जागे होता. दुपट्टा मागितलात. लॉट मिळूनही मी तो गाठी न सोडता आणला होता. चाचपलात आणि म्हणालात, "तेरा?" मी म्हटलं, हो, तेराच होत्या. तापात तुम्हालाच नीट आठवत नसेल. तुम्ही दुपट्टा उशाखाली ठेवलात. पंधरा दिवसांनी लठ्ठे चिरले. तिन्हींच्या पोटात कोपर जाईल एवढी भोकं. तुम्ही शेठकडे गेलात आणि सांगितलंत की अंगात ताप होता, गाठी मारताना हात चुकला. शेठनं त्या हंगामात तुम्हाला पुन्हा डेपोत पाठवलं नाही. मला तुम्ही रागावलात ते फक्त एकदा, तेही कितीतरी महिन्यांनी, माझ्या एका बातमीत गावाचं नाव चुकलं तेव्हा. म्हणालात, "पेपरात चुकलं तर उद्या दुरुस्ती छापता येते. लठ्ठा एकदा घेतला का घेतला."

तर पेटी. कागदांच्या खाली तुमची हातोडी होती, दांडा सैल झालेली, आणि तिला गुंडाळलेला तो दुपट्टा. मी पॅन कार्ड शोधत होतो. दुपट्टा बाजूला काढताना बोटांना काहीतरी लागलं. टोकाला दोन गाठी होत्या. त्यांच्या अलीकडे कापड चुरगळलेलं, अंतराअंतरानं, गाठ सोडल्यावर राहतं तसं. मी त्या जागा मोजल्या. अकरा.

मी पेटीजवळच खाली बसलो. ही कागद सापडले का म्हणून पाहायला आली आणि मला तसा बसलेला पाहून पाणी घेऊन आली. तुम्ही तुमच्या अकरा गाठी सोडल्यात, आणि दोन ठेवल्यात. चाळीस वर्षं त्या तिथं होत्या. त्यातली वीस तुम्ही होता, पण कधी एक शब्द नाही.

संध्याकाळी मुलाला फोन लावला. आधी त्याला विचारलं, मशीन चांगलं आहे ना? तो म्हणाला, हो, त्यात शंका नाही. मी विचारलं, मग आजच्या भावात पुढचं काय काय धरून चाललेत, आणि ते धरलेलं खरं झालं नाही तर किती उरेल? तो मागणी, नवे कारखाने, सरकारच्या योजना असं एकेक सांगत गेला, आणि मग म्हणाला, "ते कोणालेच नाई सांगता येत, बाबा." मी म्हटलं, हा लठ्ठा मला वाजवून पाहता येत नाही. तुलाही त्याचं एकच तोंड दिसतं. आणि मी भाव ठरवला तो टपरीवर, माणसं पाहून. म्हणून नको. पैसे बँकेतच राहू दे.

मला वाटलं तो वाद घालेल. पण तो म्हणाला, "बरं झालं. खरं सांगू काय? तुमी हो म्हटलं तवापासून मले झोप नाई. माझे गेले तर माझे गेले. आजोबाच्या सागाचे गेले असते तर मी घरी कसा आलो असतो?" आणि हसला. मीही हसलो. ही स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झालं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, लॉट सोडला.

त्या रात्री मी एक भाकर जास्त खाल्ली, बाबा. तुमचं कोडं मला साठी उलटल्यावर सुटलं.

पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर बातमी अर्धी राहील. भाव पडला नाही. आणखी चढला. खाणीतला तो गडी अजूनही चहा पाजतो आणि अजूनही माझ्याकडे पाहतो, आणि मी त्याचा चहा पितो. उद्या आणखी चढेल किंवा पडेल. मला माहीत नाही, आणि माहीत नसणं आता जड वाटत नाही. मी पाठ करून उभा आहे. पूर्ण पाठ केली आहे असं मात्र म्हणणार नाही; सकाळी पेपर वाचताना डोळा त्या आकड्याकडे जातोच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणजे टपालाची. हातोडीबरोबर ठेवून देईन. तुम्हाला ठाऊकच होतं, तरी माझ्या तोंडून ते कधी आलं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी अकराच गाठी होत्या. वरच्या दोन मी परतीच्या एसटीत, खिडकीशी बसून मारल्या. घाबरलेल्या हातानं फार घट्ट बसल्या आहेत. आज दुपारपासून सोडवायला बसलो आहे, पहिलीच अजून सुटत नाही.