दोन तास बोलू द्या

डोणगाव, गुरुवार

ती. शेषरावमामांना,

तुमच्या अनुपमाचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? आणि तुमचा घसा? (हे रीत म्हणून विचारत नाही, कारण पुढे कळेल.) इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून सगळे. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. म्हणून पत्र, तिकडे निघालेल्या छायाताईच्या हाती.

मामा, माझं प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आठवतं ना? पेढे तुम्हीच वाटले होते. ते टिकवायचं तर दर तीन वर्षांत साठ तास शिकावं किंवा शिकवावं लागतं. (एकदा पास झालं की जन्मभर साहेब, ही चैन तुमच्या काळातली.) माझे दोन तास राहिले होते आणि सोमवारी मुदत संपते. पुण्याच्या कंपनीत पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या नावावर होतंय, दवाखान्याच्या इमारतीचं. प्रमाणपत्र गेलं की ते दुसऱ्याच्या हाती. ऑनलाइन ऐकून तास भरले असते, पण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि मोबाइलवर नुसतं चक्र फिरून राह्यलं. व्याख्यान दिलेलंही चालतं, म्हणून म्हटलं गावातच देऊ. विषय: काम वेळेत कसं संपवावं.

इथंच घात झाला. वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव म्हणाले, "पोरी, तू फक्त बोलाचं, बाकी आमच्यावर सोड." मी सोडलं! चारचा कार्यक्रम, पाचला दीपप्रज्वलन. मग सत्कार. माझा झाला, ठीक. मग भगवानरावांचा. मग माजी अध्यक्ष शंकररावांचा, कारण आजी अध्यक्षांचा केला तर माजींनी काय घोडं मारलं? शाल अंगावर टाकायची, फोटो काढायचा, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा टाकायची. (शाल एकच होती मामा, तीच सगळ्यांच्या अंगावरून फिरत होती.) शेवटी माइकपाशी पोचले तर माइक बंद! माइकवाल्या देवानंदाचा सत्कार राहिला होता. तो वायर गुंडाळत म्हणतो, "आमाले काऊन सोडलं? आमी मानसं नाही काय?" शाल शोधली तर ती पांघरून शंकरराव घरी गेलेले! माणूस धाडला, शाल आली, माइक सुरू झाला, आणि भगवानराव दोन शब्द बोलायला उठले. अध्यक्षांचे दोन शब्द म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी माझ्या आजोबांच्या बैलजोडीपासून सुरुवात केली.

मी उभी राहिले तेव्हा दिवे लागले होते. नमस्कार करून विषयाला हात घालते न घालते तोच महिला मंडळाच्या गीताबाई मागून ओरडल्या, "अनु, आटप माय, चहा थंडा होऊन राह्यला!" पाव तासात आटपलं. मामा, खोटं कशाला सांगू, घरी येऊन सत्काराचा नारळ कोपऱ्यात फेकला आणि ढसाढसा रडले. आई म्हणते, "दोन तास लिहून टाक, कोन पाहाले येते?" नाही लिहिणार. अठ्ठावन्न तास घासून मिळवलेत, त्यांच्या शेजारी खोटे बसवू?

मामींना नमस्कार सांगावा.

तुमच्यावर आणि आता फक्त तुमच्यावर भरवसा असलेली,
अनुपमा

ता. क. रविवारी संग्रामपुरात, तुम्ही जिथून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालात त्याच शाळेत, माझं व्याख्यान ठरवलंय. अध्यक्ष तुम्ही. एकच विनंती: तुमचं भाषण माझ्यानंतर. घसा बसला असेल तर फारच छान, सोमवारपर्यंत औषध घेऊ नका.

आणखी एक ता. क. वरचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "त्याले बोलू नको म्हनशीन तर तो जन्मात माह्या घरी येनार नाही." म्हणून बेत बदलला. तुमचा फेटा बांधून सत्कार करणार, अगदी वाजतगाजत. पण माझे पावणेदोन तास पुरे झाल्यावरच. तोवर फेटा माझ्या पिशवीत. मधे कोणी शाल, चहा किंवा दोन शब्द घेऊन उठला, तर त्याला खाली बसवायचं काम तुमचं. आणि आधीच बांधून यायला घरातले फेटे शोधू नका. मामींशी माझं बोलणं झालंय, कपाटाला कुलूप आहे.