डावीकडची नऊ वळणं

पांढुर्णा, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मयूर यास गुणवंतामामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसता हो-हो करतो, म्हणून लिहून राहिलो. मोटारसायकल रेसच्या निवडचाचणीचा व्हिडिओ पाहिला. किळस आली. चौदा गाड्यांत चौदावा! सव्वादोन किलोमीटरचा ट्रॅक, त्यात बारा वळणं. तिथे गाडी पळवायची नसते, वळवायची असते. आधी ब्रेक, मग गिअर, गुडघा बाहेर, नजर पुढच्या वळणावर. तू तर मागे पोतं बांधून लोधीखेड्याच्या बाजाराला निघाल्यासारखा बसला होता. सहा महिने संत्रामंडीच्या पटांगणात तिथल्या नकाशावरून चुन्याने ट्रॅक आखून, फुटाफुटाने मोजून हेच शिकवलं काय मी? तिकडे सौंसरला तुझी आई विचारून राहिली. काय सांगू?

लोभ आहे, पण आज तोंडाची चव गेली.

गुणवंता

कोइम्बतूर, ८ नोव्हेंबर

ती. मामांस मयूरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ट्रॅक तुम्ही आखला तसाच आहे, इंचभर फरक नाही. पण इथे त्यावर गाडी उलट्या दिशेने चालवतात. बारापैकी नऊ वळणं डावीकडे. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाले होते, फेरी उजवीच घालायची, देवालाही कोणी उलटी प्रदक्षिणा घालत नाही. दोन्हीकडून शिकू का विचारलं, तर पाना फेकला. आता डावा गुडघा बाहेर जातच नाही. तेवीसला, रविवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर टीममधून नाव कटते. त्यापेक्षा आधीच घरी येऊन जाऊ का?

लोभ उरला असेल तेवढा ठेवावा.

मयूर

पांढुर्णा, १४ नोव्हेंबर

चि. मयूर यास आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि स्वतःचीच शिसारी आली. नकाशात बाण नव्हता. मी कोणाला विचारलं नाही; विचारण्यात मला कमीपणा वाटते. घरी यायचं नाव काढू नको. तिथल्या कोचला सांग, मामाने उजवं शिकवलं, आता डावं तुम्ही शिकवा. माझं नाव घेऊन सांग.

काल सकाळी मी पटांगणात गाडी घेऊन उलट्या दिशेने फिरलो. दुसऱ्याच वळणावर पडलो, कोपर सोललं. राजू हमाल हसता हसता खालीच बसला. मग तुझा व्हिडिओ पुन्हा लावला. दहा फेऱ्या, प्रत्येकीत बारा वळणं, अंग सारं उलटं शिकलेलं. आणि तू एकदाही पडला नाहीस. हे मी पहिल्या पत्रात लिहायला पाहिजे होतं.

मोठा असून मीच मागतो, लोभ असू दे.

गुणवंतामामा