तळ्याकाठची पंगत

१ नोव्हेंबर
आलो बाबा एकदाचा! मार्केटात पोती उचलून कंबरडं मोडलं होतं, आता मी कॅम्पाचा मॅनेजर, धनाजीराव! जासईमागच्या डोंगरात तुडुंब तळं, काठावर रंगीत तंबू, चुलीवरचं जेवण. मालक दिपेश इथलाच, मोकळा गडी. स्वयंपाकाला बाळाबाई, तोंडानं फटकळ पण हाताला चव. बायको विजयमाला घणसोलीच्या खोलीवर राहिली. सुट्टी आहे म्हणून आमच्या नंदीला, राजनंदिनीला, सोबत आणलंय. तंबू बघून पोर नाचली नुसती.

२ नोव्हेंबर
तिन्हीसांजेला पाहुण्यांची पंगत उठली. आमच्या साताऱ्याकडच्या रिवाजानं मी तळ्याकडं तोंड करून हाळी दिली, कुणी जेवायचं राहिलंय का, या हो! गावजेवणात ही हाळी दिल्याशिवाय यजमानाच्या घशाखाली घास उतरत नाही. बाळाबाईच्या हातातला डाव पडला. म्हणाली, पान्याकडं तोंड करून कोनाला बोलवत नाय रं, बुडालेली मानसं उपाशी हायेत तिथं. मी हसलो. म्हटलं, येऊ देत की, भात उरलाय.

३ नोव्हेंबर
पाहुणे गेले. बाळाबाई कामावर आली नाही, म्हणून आमच्यापुरता भात मीच टाकला. संध्याकाळी बघतो तर पाण्याच्या कडेला माणसं मांडी घालून ओळीनं बसलेली, कपडे निथळत होते. नंदीला मागं ओढलं. पण आपणच बोलावलेल्याला ताटावरून उठवायचं कसं? वाढलं. मान वर न करता जेवली. उठताना एक म्हातारी अगदी रीतीनं म्हणाली, आता तुम्ही आमच्याकडं यायचं. बोलत होती माझ्याशी, बघत होती नंदीकडं.

४ नोव्हेंबर
बाळाबाईचं घर गाठलं. ती उंबऱ्याआडूनच बोलली. जेवान घातलंस ना, आता ते पन तुला बोलावतीन, नाय गेलास तं न्यायला येतीन. उपाय विचारला तर रडायलाच लागली. नंदीला गाडीवर घातलं आणि थेट घणसोली. सुटलो.

५ नोव्हेंबर
कसलं सुटलो. विजूनं पिठलं-भाकरी केली, नंदी शिवेना. म्हणते, तळ्यावरच्या आज्जीकडं जेवायचंय, पोट रिकामं ठेवते. विजू म्हणते ताप असेल. फरशीवर ती बसली होती तिथं पाणी. मला भीती वाटते. मर्दासारखा मर्द, पण वाटते.

६ नोव्हेंबर
आज पण उपाशी. डॉक्टर म्हणाले, काही नाही हिला. पोर सारखी दाराकडं बघते—

बोलावलं मी. पोरीनं नाही. मग मीच जाणार. एकानं गेलं तरी मान राखला जातो ना? विजूला सांगितलं, दाराला कुलूप लाव, पोरीचा हात सोडू नको.

७ नोव्हेंबर
तळ्यावर. उजेड आहे अजून. बसलेत सगळे. म्हातारीनं जागा दाखवली, पाण्यात, गुडघाभर. हात जोडले, म्हटलं मी आलोय, पोरीला सोडा—

ती हसली. म्हणाली, आम्ही दोघांना बोलावलंय.

विजूचा फोन. रडतेय. कुलूप तसंच आहे, नंदी घरात—

शेजारच्या पानावर नंदी बसलीय. केस ओले. तोंडात गाळ— मिटक्या मारत खातेय. उठ म्हटलं तर उठत नाही. नंदे, माझ्याकडं बघ—

मलाही भरवतेय. एवढासा हात. नको कसं म्हणू, माझी पोर—