दुपारचा चहा बंद

हातकणंगले,
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

बनाक्का,

सलाम. तब्येत कशी हाय? गुडघा काय म्हणतोय? जोतिबाची यात्रा झाली, तुझ्या भावाच्या दुकानातली नारळ-गुलालाची गर्दी आता ओसरली असंल. तेवढ्यासाठीच थांबले हुते. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहितेय.

घरी सगळी बरी हायेत. आफशीनची बारावीची परीक्षा झाली. अल्ताफचं मागनं सांगते. सिलिंडर परत पन्नासनं वाढला. तेल आता मी चमच्यानं न्हाय, बोटानं टाकते.

फाउंड्रीत साच्यात बसवायचे वाळूचे कोअर बनवायचं तुझं टेबल अजून रिकामंच हाय. तिथं उभं राहायला कुणी धजत न्हाय.

फेब्रुवारीतलं मी काहीच विसरले न्हाय. चार वर्षं दिवसाची हजेरी तीच, एक रुपया वाढ न्हाय, म्हणून आपण बासष्ट बायका हंबीरराव ठेकेदाराकडं गेलो. "मालकांच्या कानावर घालतो," म्हणाला. आठ दिवसांनी उत्तर आलं ते भिंतीवर: 'महागाईमुळे कॅन्टीनचा खर्च परवडत नसल्याने दुपारचा चहा बंद.' तू मोठ्यानं वाचलंस आणि म्हणालीस, "म्हंजे महागाई हाय, हे ह्यास्नी ठावं हाय की गं!" बायका हसल्या. मग एकेकीनं पदर खोचला. तिथनं उठून गेटावर जाऊन बसलो ते तीन दिवस.

अजून आठवलं की डोकं फिरतं. दिवसभर धूर आणि वाळू खाणाऱ्या बाईचा अर्धा कप चहा ह्यांच्या डोळ्यांत खुपला. आणि मालकाची नवी गाडी आपल्यासमोरनं आत गेली, काचा वर करून.

चौथ्या दिवशी तुला काढल्याचं पत्र आलं. बनाबाईनं धमकी देऊन बायकांना बसवलं, असं एका कामगार बाईनं लिहून दिलंय, असं त्यात हुतं. बाईचं नाव न्हवतं. आदल्या दिवशी तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाळाबाईला तू ऑफिसातनं बाहेर येताना बघितलेलं. "फितूर!" म्हणून तू तिचा डबा रस्त्यावर भिरकावलास. भात धुळीत सांडला. ती हात जोडून सांगत हुती, "न्हाय गं अक्का, जोतिबाची आण, न्हाय!" मी तुझ्या शेजारीच उभी हुते, तुझा हात धरून.

अक्का, बाळाबाई आत गेलती सासूच्या आजारपणाची सुट्टी मागायला. लिहून दिलं ते मी.

हंबीररावनं मला मागच्या दारानं बोलावलं. मॅनेजरनं मजकूर तयारच ठेवलेला. "सही कर, न्हायतर अल्ताफनं टेम्पोची चावी आजच्या आज टेबलावर ठेवायची." अल्ताफ चालवतो तो टेम्पो ठेकेदाराचा, हे तुला ठावं हाय. नवरा-बायको दोघांचीबी कामं एकदम जाणार म्हटल्यावर मी सही केली. घाबरले हुते असं लिहून सुटणार न्हाय मी. तूबी घाबरलीच असशील की. तू गेटावर बसून राहिलीस.

मार्चात रोजे हुते. डब्याला बसायचंच न्हवतं, त्यामुळं महिनाभर वाचले. बायका गोलानं बसायच्या आणि बाळाबाई एकटी पाण्याच्या टाकीमागं. मी लांबनं बघायची. दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा न गिळणारी मी, खरं मात्र गिळून बसले हुते.

ईदला तुम्ही दोघी दरवर्षी यायचा. यंदा ती एकटी आली. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणाली, "सबिना, सगळ्यांत तू एकटीनं मला फितूर म्हटलं न्हाईस. अल्ला तुझं भलं करू दे." आणि रडायला लागली. तिनं मला चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

तरीबी पंधरा दिवस लागले मला. एवढी भित्री हाय मी.

गेल्या मंगळवारी डब्याच्या सुट्टीत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. निशिगंधा, आपल्यातली सगळ्यात तरणी, अंगावर धावून आली. "दोन महिने आम्ही तिच्या हातचं पाणी घेतलं न्हाय, आन् तू बघत बसलीस?" बाळाबाईनं डबा झाकला, आत गेली आणि तुझ्या टेबलाशी पाठ करून उभी राहिली. खांदे तेवढे हलत हुते.

त्याच दिवशी लेबर ऑफिसात लिहून दिलं, की माझं आधीचं निवेदन खोटं हाय, धाक घालून घेतलेलं हाय. दुसऱ्या दिवशी मला गेट बंद. अल्ताफची चावीबी गेली. चार दिवस तो माझ्याशी बोलला न्हाय. पाचव्या दिवशी म्हणाला, "मला आधी सांगायचं हुतंस. मीच मारली असती चावी त्याच्या तोंडावर."

काल तीनला, चहाच्या वेळेला, बायकांनी हात थांबवले. पहिली खाली बसली ती बाळाबाई. निशिगंधानं फोनवर सांगितलं, तेबी रागानंच. आज सकाळपासनं सगळ्या गेटावर हायेत. हजेरी वाढवा आणि बनाबाईला परत घ्या, एवढंच मागणं. मी रस्त्याच्या पलीकडं उभी राहते. त्यांच्यात जाऊन बसायचं माझं तोंड न्हाय.

राग माझा तुझ्यावरबी हाय, आज लिहितेच. एकोणीस वर्षं तुझ्या शेजारी उभी राहिलेली बाळाबाई, तिला तू एकदा बाजूला घेऊन विचारलं न्हाईस. त्यांनी नाव झाकलं ते ह्याचसाठी, की आपण एकमेकींचे डबे भिरकावावे. आणि आपण भिरकावले. मॅनेजर वरनं खिडकीतनं बघत हुता.

तुला काढल्याची सुनावणी लेबर ऑफिसात येत्या मंगळवारी, २९ तारखेला सकाळी अकराला. अधिकाऱ्यासमोर मी सगळं बोलणार हाय, हंबीररावच्या डोळ्यांत बघून. तू ये. माझ्या तोंडावर थुंकायचं असलं तर तिथं थुंक, मी पुसणार न्हाय. पण त्याआधी गेटावर जा आणि बाळाबाईला हाक मार. ती तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलीया.

तुझी, असं लिहायचा हक्क गमावलेली,
सबिना